बाकीचे साडेतेवीस तास

ज्याच्या हातात नुकताच रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट पडला आहे आणि तो कुठे लपवावा या विचारात जो घरभर नजर फिरवतो आहे, त्या माणसासाठी मी हे लिहितोय. मी माझा रिपोर्ट विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये लपवला होता. जागा चांगली होती. सहा वर्षं टिकली.

मी मालगाडीचा ड्रायव्हर. आता आम्हाला लोको पायलट म्हणतात, पण माझे वडीलही ड्रायव्हरच होते. नागपूरकडून बदली होऊन ते दुर्ग लाइनवर आले आणि आमच्या घरात जुनाच शब्द राहिला. भिलाईला कोहक्यात आमचं घर आहे. घरात तीन माणसं: मी, बायको मीना आणि शाळेत शिकवणारी मुलगी पल्लवी. आमची मराठी दाराच्या आतली. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू, आणि पल्लवीची तर दाराच्या आतसुद्धा अर्धी हिंदीच.

आधी माझी थोरवी सांगतो, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल.

करेलागुरू

रेल्वे ड्रायव्हरची ठराविक काळाने डॉक्टरी तपासणी करते. आम्ही तिला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो. डोळे, रक्तदाब, साखर, सगळं बघतात. त्यात नापास झालं की इंजिनावरून खाली उतरायचं आणि कुठल्या तरी टेबलामागे बसायचं. आमच्या लोकांना रुळावर गाय आली तरी एवढी भीती वाटत नाही.

यावर माझ्याकडे उतारा होता. मेडिकलच्या आधी दहा दिवस पहाटे कारल्याचा रस, रात्री भिजवलेली मेथी, भात बंद, गोड बंद, चहा बिनसाखरेचा आणि संध्याकाळी सदरा भिजेपर्यंत चालणं. अकराव्या दिवशी माझी साखर पाहुण्यांसमोरच्या पोरीसारखी गुणाने वागायची. डॉक्टर शिक्का मारायचे. मग आम्ही चारपाच जण रायपूरहून मेडिकल करून परत येताना भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनला उतरून जलेबी खायचो. साखरेच्या परीक्षेत पास झाल्याचा आनंद जलेबी खाऊन साजरा करण्यात काही गंमत आहे, हे आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नाही.

हा उतारा विचारायला लोक माझ्याकडे येत. लॉबीत, म्हणजे जिथे आम्ही ड्यूटीची हजेरी देतो तिथे, मला ‘करेलागुरू’ म्हणत. मला त्याचा अभिमान होता, हे खरं ते सांगतो. मीना बिचारी दर वेळी मनापासून कारली किसून रस गाळून द्यायची. तिला वाटायचं, मेडिकलच्या आधी पोट साफ ठेवलेलं बरं, म्हणून हे चाललंय. मला साखर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं मला आणि विम्याच्या फाइलला.

गिट्टी

हिवाळ्याचे दिवस होते. मार्शलिंग यार्डात गाडी लावली, रुळाच्या कडेकडेने चालत लॉबीत आलो, सही केली आणि घरी पोचलो. नऊ तासांची ड्यूटी झाली होती. ओसरीत स्टुलावर बसून उजवा बूट काढला तर त्यातून एक खडा टकदिशी फरशीवर पडला. रुळाखाली अंथरतात ती गिट्टी, तिचा बोराएवढा टवका. त्याची एक कड करवतीसारखी होती. मागोमाग मोजा निघाला, तो टाचेपासून बोटांपर्यंत लाल होता.

मीना नुकतीच फरशी पुसून उठली होती.

“अगं माय! हे काय जी? इतकं लागलं अन् तुमाले समजलं नाही?”

“बूट नवीन आहे ना, टाइट आहे,” मी म्हणालो.

“बूट टाइट हाय म्हनून दगड समजत नाही? टाइट बुटात तं जास्त टोचते!”

मला खरोखरच काही टोचलं नव्हतं. अंगठ्याच्या मागे तळव्याला चांगला खोल खड्डा पडला होता आणि मी त्यावरून चालत, जिने चढत, इंजिनात उभा राहत अख्खा दिवस काढला होता. दुखलं असतं तर मी घाबरलो नसतो. दुखत नव्हतं म्हणून घाबरलो.

चार दिवस हळद आणि मलम लावून पाहिलं. पाचव्या दिवशी पाय सुजला आणि ताप चढला. मग मीनाने मला जवळजवळ कॉलर धरून स्मृति नगरमधल्या डॉक्टरांकडे नेलं.

“शुरू कीजिए”

डॉक्टर तरुण होते आणि फार बोलत नव्हते. त्यांनी मला आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, “पैर में जहाँ-जहाँ धागा लगे, बोलते जाइए.”

मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. पंख्याची घरघर ऐकू येत होती. बराच वेळ गेला तसं मीच म्हणालो, “शुरू कीजिए, सर.”

“हो गया,” ते म्हणाले.

दहा ठिकाणी त्यांनी तो नायलॉनचा धागा टेकवला होता आणि मला एकही ठिकाण कळलं नव्हतं. ते ‘हो गया’ मी अजून विसरलेलो नाही. सुईने बोटाचं रक्त काढलं, साखर मोजायच्या छोट्या यंत्राने चारशे बारा दाखवले. डॉक्टरांनी विचारलं, “शुगर कब से है?”

“आज ही पता चला,” मी म्हणालो. मीना शेजारच्या खुर्चीत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं.

जखम आतपर्यंत गेली होती. लगेच दाखल व्हावं लागेल, अंगठा वाचेल की नाही ते आठवड्याने सांगू, असं डॉक्टर म्हणाले. आणि अंगठ्यावर थांबलं नाही तर, असं मी विचारलं नाही. इंजिनावर चढायला सरळ उभी शिडी असते. पाय धड नसलेल्या माणसाला त्या शिडीखाली कोणी उभंही करत नाही. नोकरीची चारच वर्षं राहिली होती आणि ती मला इंजिनावर हवी होती. बाकी काही नको होतं. त्या दवाखान्याच्या खाटेवर मी देवाकडे अंगठा मागितला नाही, इंजिनच मागितलं.

फाइल सापडते

दवाखान्यातलं आयुष्य वेळापत्रकाला पक्कं असतं, हे मला आवडलं. सहाला झाडू, साडेसहाला सुई, सातला बिनसाखरेचा चहा, नऊला डॉक्टर, अकराला ड्रेसिंग. खिडकीतून गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे. कुठला भोंगा कुठल्या इंजिनाचा हे मी शेजारच्या खाटेवरच्या, खुर्सीपारच्या आजोबांना सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. त्यांना ऐकू कमी येतं हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्याने विम्याचं कार्ड मागितलं. मी ग्लानीत होतो. मीनाने पल्लवीला फोन केला आणि पल्लवीने फाइल उघडली.

ती आली तेव्हा तिच्या हातात कार्ड होतं आणि सहा रिपोर्ट होते. दर वर्षी मी दुर्गला जाऊन, आडनाव न लिहिता, गुपचूप तपासणी करून यायचो. दर वर्षी आकडा वाढलेला.

“बाबा, ये क्या है?” ती म्हणाली. “छह साल? तुम्ही हमको बताया भी नहीं?”

मीनाने एकेक कागद उलटून पाहिला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, आणि ओरडलीही नाही.

“मले नाही सांगितलं, ठीक हाय,” ती म्हणाली. “मी बायकोच आहो. पन तुमच्या मागं गाडीत किती वॅगन असते जी? समोरून पॅसेंजर येते. डोळ्यासमोर अंधारी आली असती, मंग? अन् मी इथं बसून तुमाले करेला गाळून देऊन राहिली!”

ती दोन दिवस बोलली नाही. डबा आणायची, उशी नीट करायची, पण तोंडातून शब्द नाही. मला तिचा राग आला, हेही लिहून ठेवतो. पडल्यापडल्या मी मनात यादी करत होतो. आजार वडिलांकडून आला. ड्यूटीच्या वेळा वाकड्या, जेवणाला धरबंध नाही. बूट वाईट. आणि घरात दर सणाला पुरणपोळी कोण करतं? मीनाच करते ना! यादी लांबलचक झाली. तिच्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

देवकी दीदी

ड्रेसिंग करायला देवकी दीदी यायच्या. छत्तीसगढी बाई, पन्नाशीच्या, हाताने हलक्या आणि तोंडाने जड. त्या पट्टी सोडायला लागल्या की मी मान भिंतीकडे फिरवायचो. तीन दिवस त्यांनी ते चालू दिलं. चौथ्या दिवशी त्यांनी पदराखालून एक हातात धरायचा आरसा काढला आणि माझ्या पोटावर ठेवला.

“देख,” त्या म्हणाल्या.

“दीदी, आप देख लीजिए ना. मुझसे नहीं देखा जाता.”

त्यांनी कमरेवर हात ठेवले. “ए घाव मोर नो हे बाबूजी, तोर ए. मैं दिन भर म आधा घंटा देखथंव. बाकी साढ़े तेईस घंटा कोन देखही?”

जखम माझी नाही, तुझी; मी बघते अर्धा तास, बाकीचे साडेतेवीस तास कोण बघणार, असा त्यांचा सवाल. वॉर्डात हशा पिकला. ऐकू न येणारे आजोबासुद्धा हसले. मीही हसलो, आणि मग आरसा पायाखाली धरून पाहिलं. वाईट होतं. पण इतके दिवस भिंतीकडे बघून मी मनात जे रंगवलं होतं, त्याच्यापेक्षा खूप लहान होतं. कडेने गुलाबी कातडी धरू लागली होती. दीदी म्हणाल्या, ते चांगलं लक्षण. मला इतका आनंद झाला की मी तो आरसा मीनाकडे दिला आणि म्हणालो, बघ. तिने बघितलं. “बरं हाय,” म्हणाली. दोन दिवसांतला तिचा तो पहिला शब्द.

अंगठा वाचला. आठवड्याने घरी सोडलं.

साहूची जलेबी

मला वाटत होतं, आता घरी जाऊन कंबर कसायची, पहाटे उठून पाच किलोमीटर चालायचं. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. शौर्य गाजवायला निघालेल्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवलं. घरातली चौकीदारी मीनाकडे गेली. गोळ्या ती मोजायची, ताट ती वाढायची, साखर ती तपासायची आणि वहीत ती लिहायची. मी नुसतं बोट पुढे करायचो.

एका दुपारी साहू भेटायला आला. वीस वर्षांची आमची संगत, तो माझ्यासारखाच ड्रायव्हर. मीना भाजी आणायला गेली होती. त्याने कागदाचा पुडा उघडला. पॉवर हाऊसची जलेबी, अजून गरम.

“एक से क्या होता है, गुरू?”

एकीने काही होत नाही, म्हणून मी चार खाल्ल्या. कागद गादीखाली सरकवला. तास-दीड तासाने मीना आली. तिने माझ्या मिशीकडे पाहिलं, गादीखाली हात घातला, कागद काढला आणि शांतपणे घडी केली.

“आजपासून मी तुमची गार्ड नाही,” ती म्हणाली. “मागच्या डब्यात बसून किती दिवस लाल झेंडी दाखवू? गाडी तुमची हाय. चालवा, नाही तं पाडा.” तिने वही, गोळ्या आणि ते यंत्र माझ्या खुर्चीजवळच्या स्टुलावर आणून ठेवलं. “मले बी माझं जीवन हाय.”

ती भजनाच्या मंडळात निघून गेली. मी त्या स्टुलाकडे बघत बसलो.

इंजिनात आम्ही दोघे असतो, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने रंग सांगायचा आणि दुसऱ्याने बघून तोच रंग मोठ्याने म्हणायचा. समोर ढळढळीत दिसत असला तरी म्हणायचा. तीस वर्षांत लाल सिग्नलला मी एकदाही हिरवा म्हटलेलं नाही. कधी मनातसुद्धा आलं नाही. आणि घरात सहा वर्षं मी रोज हिरवा म्हणत होतो, आणि मीना विश्वासाने हिरवा म्हणत होती. हे डोक्यात आलं तेव्हा मला स्वतःची मनापासून लाज वाटली. वडिलांची, ड्यूटीची, पुरणपोळीची यादी त्या लाजेत विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बोट टोचलं. आकडा बघितला. मीना स्वयंपाकघरात होती. मी खुर्चीतूनच आवाज दिला, “दोनशे अडुसष्ट. लाल!”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मग तिचा आवाज आला, “लाल.”

मी आकडा वहीत लिहिला.

मी भाकरी शिकतो

बसून काय करता येतं, याचा मी शोध लावला. बसून भाज्या चिरता येतात. आधी दोडके, मग मेथी निवडणं, मग पल्लवीने गॅसची एक शेगडी माझ्या उंचीच्या टेबलावर मांडून दिली आणि मी ज्वारीच्या भाकरीला हात घातला. माझ्या पहिल्या भाकरीत छत्तीसगढचा नकाशा होता, दुसरीत बस्तर तुटून वेगळं पडलं. पल्लवी फोटो काढून मैत्रिणींना पाठवायची. “बाबा, आज कौन सा राज्य बना?” असं विचारत ती शाळेतून यायची. पंधरा दिवसांनी भाकरी गोल झाली आणि टम्म फुगली, तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत असा ओरडलो की शेजारच्या वर्मा वहिनी धावत आल्या.

सगळं सरळ झालं असं नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू घरात होते, त्यातला एक मी खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी ओरडून सांगितलं, “डबल यलो! लाडू!” सिग्नलचे दोन पिवळे दिवे म्हणजे पुढे जपून. आतून तितक्याच मोठ्याने उत्तर आलं, “डबल यलो, लाडू!” आणि हसू. त्या घरात इतकं हसू मी गेल्या सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. लपवण्यासारखं काही उरलं नाही की माणूस किती मोकळा होतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

दोन महिन्यांनी जखम भरली. डॉक्टरांनी नवे मऊ बूट दिले. आता बूट घालण्याआधी मी तो उलटा करून झटकतो, आत हात फिरवतो, आणि झोपण्याआधी आरशात तळवे बघतो. मीना भजनाला जाते, मी कोहक्याच्या तळ्याला दोन फेऱ्या मारतो. तिने मला बोलावलं नाही आणि मी तिला विचारलं नाही, पण परत येताना रोज कुठल्या तरी वळणावर आम्ही भेटतो. यंत्रातला आकडा आता बहुतेक दिवस हिरवा असतो.

रकाना

इतक्या रजेनंतर ड्यूटीवर जायचं तर मेडिकल आलंच. आणि इथे मेख होती. माझ्या सिक सर्टिफिकेटवर ‘पायाला जखम’ एवढंच होतं. ते खोटं नव्हतं.

साहू म्हणाला, “अब तो तेरी शुगर वैसे भी बढ़िया है. करेले की भी जरूरत नहीं. चुपचाप पास हो जा. बता दिया और उतार दिया तो?”

त्याचं चुकत नव्हतं. साखर असलेला प्रत्येक ड्रायव्हर इंजिनावरून उतरतोच असं नाही, पण उतरवूही शकतात. मी पल्लवीला विचारलं, ती म्हणाली, “बाबा, आपका डिसीजन है.” मीनाला विचारलं नाही. तिने ‘मी गार्ड नाही’ म्हटलेलं मला चांगलं आठवत होतं.

रायपूरला ती माझ्याबरोबर आली आणि बाहेर बाकावर बसली. आत मला फॉर्म दिला. त्यात एक रकाना असतो: मधुमेह आहे का. गेल्या तिन्ही मेडिकलला मी तिथे न थांबता ‘नाही’ लिहून पुढे गेलो होतो. या वेळी पेन टेकवलं आणि तिथेच थांबलो. खिडकीबाहेर कुठेतरी इंजिन भोंगा देत होतं. मला रडायला येत होतं. इंजिन हवं होतं हो, फार हवं होतं.

मी ‘हो’ लिहिलं. पुढे लिहिलं, ‘सहा वर्षांपासून’. वही काढून फॉर्मला जोडली.

मोठ्या डॉक्टरांनी फॉर्म वाचला, मग वही चाळली. लाल, डबल यलो, हिरवा असं मीच आकड्यांसमोर लिहिलेलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नव्या तपासण्या सांगितल्या. डोळे, हृदय, पाय, तीन महिन्यांची साखर. नायलॉनचा धागाही आला. दहापैकी चार ठिकाणी मी ‘हां’ म्हणालो. दोन दिवस लागले. शेवटी त्यांनी लिहिलं: गाडी चालवायला योग्य, गोळ्या चालू, दर काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. “और ये कॉपी साथ लाना,” ते वहीवर बोट ठेवून म्हणाले.

मी कागद घेऊन बाहेर आलो. मीना त्याच बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर धरून. माझा चेहरा बघून ती उभी राहिली.

“काय लिहिलं जी तुमी? त्या साखरेच्या ठिकानी?”

म्हणजे तिला तो रकाना माहीत होता. दोन दिवस तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

“हो लिहिलं,” मी म्हणालो. “सहा वर्षांपासून, असंबी लिहिलं.”

तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मग तिचा चेहरा असा उजळला की लग्नानंतर मी तो तसा कधी बघितलेला नव्हता.

“मंग झाले तुमी पास,” ती म्हणाली.

“अगं, पण निकाल तर ऐक!”

“हो,” ती माझ्या हातातून कागद काढून घेत म्हणाली, “आता तो बी सांगा.”